मापात पाप: पायली, शीग आणि घनहस्त

आपल्या भाषेत अनेक जुनी सत्ये दोन-दोन शब्दांत बसविलेली आहेत. 'मापात पाप' ही त्यांपैकीच एक. तिच्यातील यमक कानाला इतके गोड लागते, की तिच्यामागे केवढा इतिहास उभा आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. वजनात खोट करावयाची तर तराजूची दांडी किंवा वजनाचा दगड यांत काही फेरफार करावा लागतो. मापात मात्र काहीही न बदलता खोट करता येते. भांडे तेच, धान्य तेच, मोजणारा हातही तोच. आणि तरीही देणाऱ्याचे दहा शेर घेणाऱ्याचे अकरा होऊ शकतात. हे कसे घडते ते समजून घ्यावयाचे असेल तर शालेय गणितातील एका साध्या आकृतीकडे, म्हणजे वृत्तचितीकडे, वळावे लागेल. जुनी पुस्तके तिला दंडगोल म्हणत.

दख्खनमध्ये धान्य वजनाने देण्यापेक्षा मापाने देण्याची रीत अधिक रुजलेली होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली ही दुपटीची शिडी पूर्वीच्या पिढ्यांनी पाढ्यांसारखी पाठ केलेली असे. या शिडीचा लाभ असा, की ज्याला फक्त अर्धे आणि दुप्पट एवढेच कळते त्यालाही सगळा व्यवहार करता येतो. पायलीच्या वर मात्र ही सरळ वाट संपते व मण आणि खंडी यांचा प्रदेश सुरू होतो. तेथे गावागणिक हिशेब बदलत असे. त्याचा विचार पुढे करू.

ही मापे बहुधा गोल असत. चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यांत धान्य अडते, कोपरे आधी झिजतात, आणि एखादी बाजू जराशी आत दाबली तरी ते चटकन डोळ्यांना दिसत नाही. गोल माप घडविण्यास सोपे, रिकामे करण्यास सोपे आणि तपासण्यासही सोपे; तोंडाचा व्यास व आतली खोली एवढी दोनच मोजमापे घेतली की काम झाले. तळाचे क्षेत्रफळ काढावे आणि त्यास उंचीने गुणावे, म्हणजे घनफळ मिळते. तळ वर्तुळाकार असल्याने त्याचे क्षेत्रफळ त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय. नियम एका ओळीचा आहे. परंतु त्यात एक गोष्ट दडलेली आहे. उंची दुप्पट केली तर माप दुप्पट होते, व्यास दुप्पट केला तर ते चौपट होते. डोळ्याला उंची चटकन दिसते, रुंदी तितकी दिसत नाही. म्हणून उंच, निमुळते भांडे पाहणाऱ्याला मोठे वाटते आणि पसरट भांडे लहान भासते. मापाच्या बाबतीत ग्राहकाची पहिली फसगत कोणी दुसरा करीत नाही. त्याचेच डोळे करतात.

हे सारे गणित आपल्याकडे नवे नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास, 'लीलावती' रचली. अंकांची स्थाने सांगण्यापूर्वीच या ग्रंथात परिभाषा येते, म्हणजे नाणी, वजने, लांबी आणि धान्याची मापे यांची कोष्टके. आधी एकक, मग गणित हा क्रम आजच्या शिक्षकानेही ध्यानात घ्यावा असा आहे. आठ यवोदरांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश. आणि त्यानंतर येते ती महत्त्वाची व्याख्या: एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा घनाकृतीत जेवढे धान्य मावेल ती मगधदेशीची खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा भाग प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा भाग कुडव. याप्रमाणे खारीचे १०२४ कुडव होतात.

या व्याख्येचे महत्त्व असे, की तिने धान्याचे माप लांबीच्या मापाशी बांधले. पायली हरवली, झिजली किंवा कोणी बदलली, तरी हात ठाऊक असेल तर खारी पुन्हा उभी करता येते. ही बांधणी जितकी उपकारक तितकीच धोक्याची आहे. कारण लांबीतील चूक घनफळात तिहेरी होऊन उतरते. समजा, एखाद्या ठिकाणी चोवीसऐवजी सव्वीस अंगुलांचा हात चालत असेल. लांबीत फरक पडला बाराव्या हिश्श्याचा, म्हणजे सुमारे आठ टक्क्यांचा. परंतु त्या हाताची खारी सुमारे २७ टक्क्यांनी मोठी होते. कापड मोजताना जो फरक क्षम्य वाटेल, तोच धान्य मोजताना चौथाईहून अधिक धान्य इकडचे तिकडे करतो.

वृत्तचितीचे उदाहरण 'लीलावती'च्या खातव्यवहारात, म्हणजे खणलेल्या खड्ड्यांच्या गणितात, प्रत्यक्ष भेटते. दहा हात व्यासाचा आणि पाच हात खोल असा गोल खड्डा आहे. त्याचे घनफळ किती? भास्कराचार्य सूक्ष्म गणितासाठी परिघ व व्यास यांचे प्रमाण ३९२७ भागिले १२५० घेतात, ते दशांशात ३.१४१६ होते, स्थूल गणितासाठी २२ भागिले ७ घेतात. सूक्ष्म प्रमाणाने या खड्ड्याचे घनफळ ३९२.७ घनहस्त येते. तोच खड्डा खाली निमुळता होत टोकाला मिळत असेल, तर त्याचे फळ बरोबर एकतृतीयांश, म्हणजे १३०.९ घनहस्त. वृत्तचिती आणि शंकू यांचे हे तीनास एक असे नाते पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

कारण खळ्यावर जे धान्य पडते ते शंकूच्या आकाराचे. राशिव्यवहार या प्रकरणात भास्कराचार्यांनी अशा राशीचे माप सांगितले आहे आणि ते मोठे मार्मिक आहे. सपाट जमिनीवर धान्य ओतले असता रास किती उंच होईल हे धान्याच्या जातीवर ठरते. जाड्या धान्याची उंची परिघाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, बारीक धान्याची अकराव्या हिश्श्याएवढी आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्श्याएवढी. बारीक दाणे घसरतात म्हणून रास बसकी होते. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ती उंच राहते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हे उतार अनुक्रमे सुमारे ३२, ३० व ३५ अंशांचे होतात. धान्याची कोठारे बांधणारे अभियंते आजही ढीग ज्या उताराला स्थिरावतो तो कोन मोजूनच आपले हिशेब करतात, आणि त्यांचे आकडे याच्या आसपासच येतात. आठशे सत्तर वर्षांपूर्वीचा हा नियम खळ्यावर बसून पाहिलेला आहे, याविषयी शंका राहत नाही.

घनफळाचा नियमही तितकाच सुटसुटीत आहे: परिघाचा सहावा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि उंचीने गुणावे. साठ हात परिघाची जाड्या धान्याची रास असेल तर उंची सहा हात, परिघाचा सहावा हिस्सा दहा, त्याचा वर्ग शंभर; म्हणून सहाशे घनहस्त, म्हणजेच सहाशे खारी. बारीक धान्याची तेवढ्याच परिघाची रास ५४५ पूर्णांक ५/११ खारी आणि कुसळाच्या धान्याची ६६६ पूर्णांक २/३ खारी. दोरीने परिघ मोजला की बाकीचे तोंडी करता येते. रास भिंतीला टेकलेली असेल किंवा कोपऱ्यात असेल, तर तिचा अर्धा वा चौथा हिस्साच जमिनीवर दिसतो. त्यासाठीही वेगळी रीत दिलेली आहे.

येथे मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा सुटसुटीतपणा परिघ व्यासाच्या तिप्पट मानल्यामुळे आलेला आहे. अचूक गणिताने वरील राशीचे घनफळ सहाशे नव्हे, तर ५७३ घनहस्तांच्या आसपास येते. म्हणजे नियम सुमारे पावणेपाच टक्क्यांनी अधिक सांगतो. ज्या आचार्यांनी त्याच ग्रंथात ३.१४१६ वापरले, त्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. रासच मुळी ओबडधोबड, तेथे सूक्ष्म प्रमाण वापरून काय साधणार, असा व्यवहारी विचार त्यामागे दिसतो. परंतु एखाद्या ठिकाणी राशीच्या अंदाजावर हिस्सा ठरला, तर हे पावणेपाच टक्के कोणाच्या तरी पदरातून जाणारच. जो उत्पन्नाचा हिस्सा देतो त्याचे उत्पन्न असते त्याहून अधिक मोजले जाते. गणितातील सोय ही व्यवहारात नेहमीच कोणाची तरी गैरसोय असते.

मापाचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न म्हणूनच गणिताइतकाच जुना आहे. आणि त्याचा एक विलक्षण पुरावा भास्कराचार्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे, आज ज्या स्थळास पाटणादेवी म्हणून ओळखतात तेथे, शके ११२८ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने त्यास दाने दिली. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत असला तरी दानाच्या अटी मराठीत आहेत. अटी ज्यांना पाळावयाच्या होत्या त्या लोकांची भाषा तीच होती. जेवढे तेलाचे घाणे चालतात त्यांनी प्रत्येकी पळीभर तेल मठास द्यावे, असे त्यात सांगितले आहे. त्याहून महत्त्वाची अट पुढे येते: येथे जे मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे, आणि मोजणीचे जे शुल्क येईल त्यातील अर्धे मठाने व अर्धे मोजणाऱ्याने घ्यावे.

या अटीचा अर्थ नीट पाहिला म्हणजे मौज वाटते. 'लीलावती' शिकविणारा मठ हाच त्या पेठेच्या मापाचा राखणदार ठरला! खरेदीदाराचे माप नाही, विक्रेत्याचे माप नाही. तिसऱ्याच्या स्वाधीन असलेले माप. मोजणाऱ्यास लेखात मापहारी म्हटले आहे आणि शुल्कास मापाउ. आजही बाजार समितीच्या आवारात मापाडी आहे आणि शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली-तोलाईच्या शेजारी मापाई आहे. आठ शतके लोटली, राज्ये आली नि गेली. ही दोन नावे मात्र थोड्याफार फरकाने आपल्या जागी आहेत. अर्थात मठाला मोजणीचे अर्धे शुल्क मिळत असल्याने जितके अधिक मोजले जाईल तितका त्याचाही लाभ होताच. निर्मळ तटस्थता त्या काळीही दुर्मीळच असावी. पण तटस्थतेची गरज ओळखली गेली होती, हे काही थोडे नव्हे.

आता 'शीग' या शब्दाकडे येऊ. माप काठोकाठ भरून वरून हात किंवा काठी फिरविली तर ते सपाट. आणि वर धान्य राहील तितके रचले तर ते शिगोशीग. ही शीग म्हणजे वृत्तचितीवर बसविलेला शंकू. तिचे घनफळ काढण्यासाठी लागणारी सर्व सामग्री आपल्याजवळ आलेली आहे: राशीचा उतार आणि तीनास एकाचे नाते. जाड्या धान्याच्या उताराने हिशेब केला, तर ज्या मापाची उंची व्यासाएवढी आहे त्यावरील शीग मापाच्या सुमारे साडेदहा टक्के भरते. तेवढेच धान्य मावणारे पण पसरट, म्हणजे व्यासाच्या निम्म्या उंचीचे माप घेतले, तर शीग सुमारे एकवीस टक्के होते. आणि व्यासाच्या दुप्पट उंचीचे निमुळते माप घेतले, तर ती जेमतेम सव्वापाच टक्के उरते. सपाट भरली असता तिन्ही भांडी एकाच मापाची, शिगेने भरली असता तिन्ही वेगळी.

याचा व्यवहारातील परिणाम पाहावा. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी धरली, तर खंडीच्या ३२० पायल्या होतात. शिगेने मोजताना पहिल्या आकाराच्या पायलीने सुमारे साडेतेहतीस पायल्या जास्तीच्या जातात. पसरट पायलीने सदुसष्ट. म्हणजे केवळ भांड्याचा आकार बदलल्याने एका खंडीमागे दोन मणांहून अधिक धान्य हस्तांतरित होते. भांडे सपाट भरून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात कोणताही दोष सापडणार नाही. घेताना शीग आणि देताना सपाट, हा सावकारीचा आणि वसुलीचा जुना डाव याच गणितावर उभा आहे. 'मापात पाप' म्हणतात ते हेच.

हा प्रश्न केवळ आपलाच होता असेही नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस विंचेस्टर बुशेलची व्याख्या कायद्याने ठरली ती अशी: साडेअठरा इंच व्यासाचे, आठ इंच खोल आणि सपाट तळाचे गोल माप. त्याचे घनफळ २१५०.४२ घन इंच येते आणि अमेरिकेत आजही धान्याचा बुशेल तोच आहे. हे माप पसरट असल्याने त्यावरील शीग वरील हिशेबाने चोवीस टक्क्यांच्या घरात जाते. शिगेच्या मापाचा हा घोळ इतका वाढला, की १८३५ साली इंग्लंडने शिगेचे माप कायद्यानेच बंद केले. फ्रान्सने तर मुळावरच घाव घातला. तेथील १७९५ च्या कायद्याने लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाएवढे माप असे ठरविले. पुढे मापांचे आकारही नेमून दिले: धान्यासारख्या कोरड्या मालाच्या मापात उंची व्यासाएवढी, मद्यासारख्या द्रवाच्या मापात उंची व्यासाच्या दुप्पट. पहिल्या लिटरचा व्यास १०.८ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ८.६. घनफळ जुळले की माप जुळले, असे होत नाही. आकारही जुळावा लागतो, हा धडा त्यात आहे.

लिटरची व्याख्या आणि आपली घनहस्ताची व्याख्या यांची जात एकच आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेलच. दोन्हींत धान्याचे माप लांबीच्या मापातून निघते. फरक एवढाच, की मीटर सर्वांचा एक राहिला आणि हात सर्वांचा वेगळा. १९०१ साली लिटर ही एक किलोग्रॅम पाण्याच्या घनफळाला जोडली गेली, तेव्हा तिच्यात लाखामागे तीनाहूनही किंचित कमी असा फरक पडला. तेवढाही सहन न होऊन १९६४ साली ती पुन्हा घन डेसिमीटरवर आणण्यात आली.

आपल्याकडे मात्र विविधता उदंड होती. मराठेशाहीच्या कागदांत धान्याचा आकडा लिहिताना 'कैली' असा शब्द येतो. कैली म्हणजे मापाने मोजलेले. पुढे पुष्कळदा 'बारुले' असे विशेषण येते. बारा पायल्यांचा मण तो बारुले मापाचा. सोळा पायल्यांचा मणही चालत होता. म्हणजे नुसते 'शंभर मण' असे लिहिले तर त्याचा अर्थ बाराशे पायल्या की सोळाशे, हे वाचणाऱ्यास कळत नाही. कारकुनाने एक शब्द गाळला की चारशे पायल्यांचा घोटाळा! एकक न लिहिलेला आकडा निरर्थक असतो, असे शाळेत बजावतात. आपल्या दप्तरदारांना ते व्यवहाराने शिकविले होते.

दख्खन सोडून जी मराठी घराणी बाहेर स्थिरावली त्यांना हा अनुभव पदोपदी आला असणार. गुजरातेत धान्य तोलून देण्याची रीत प्रबळ. माळव्यात माणीचा हिशेब. बेळगावच्या पेठेत शेर-पायलीला कानडी कोळगाचा शेजार. हैदराबादेकडे मानिक आणि कुंचम. तरीही या सर्वांतून एक धागा सारखा दिसतो, तो विसाचा. आपली खंडी वीस मणांची. गुजराती खांडीही तशीच. कानडी खंडुग वीस कोळगांचे. तेलुगू पुट्टी वीस तूमांची. आणि गोव्यातील खंडी वीस कुडवांची. शेळ्यामेंढ्या मोजतानाही वीस म्हणजे खंडीच. बोटे संपली की खूण करावी, एवढी साधी मानवी गोष्ट त्याच्या मुळाशी असावी. गोव्यातील कुडवाचे आणखी एक नवल आहे. 'लीलावती'तील कुडव दीड फुटाच्या हाताने हिशेब केला तर लिटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान येतो. गोव्याचा कुडव कित्येक पायल्यांचा. शब्द तोच राहिला, त्याच्या पोटातील माप शतकांच्या प्रवासात कितीतरी पटींनी वाढले. म्हणून जुन्या कागदात एखादे माप आढळले, की ते कोणत्या काळचे आणि कोणत्या गावचे हे विचारल्यावाचून त्याचे लिटर वा किलो करू नयेत.

१९५६ साल या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षी प्रमाणित वजने व मापे यांचा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी माणसे वेगवेगळ्या राज्यांच्या चौकटींत बसविली गेली. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि साठीच्या दशकात शेर व पायली सरकारी व्यवहारातून उठल्या. ज्या वेळी प्रांतांच्या सीमांनी माणसे वेगळी केली, त्याच वेळी मापांनी ती एक केली. इंदूरचा किलो आणि बेळगावचा किलो यांत तिळाचाही फरक नाही. पणजीचा लिटर आणि वडोदऱ्याचा लिटर एकच. ज्याच्याजवळ स्वतःचे माप नाही त्या दुबळ्या माणसाला हे केवढे मोठे संरक्षण आहे, हे पसरट पायलीचा हिशेब पाहिलेल्यास वेगळे सांगावयास नको.

या सुधारणेत काही हरपलेही. खळ्यावर पहिली पायली टाकताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणावयाचे आणि मग दोन, तीन असे पुढे जावयाचे, ही रीत तराजूच्या काट्यावर टिकणे कठीण. चिपटे, कोळवे, निळवे हे शब्द आता कोशांत आणि वृद्धांच्या बोलण्यात उरले आहेत. 'पायलीला पन्नास' असे आपण अजून म्हणतो, पण पायली केवढी ते सांगता येत नाही. शब्द गेले याची हळहळ रास्त आहे. परंतु ती व्यक्त करताना जुनी मापे निष्पाप होती अशी समजूत करून घेऊ नये; तसे असते तर ती म्हण जन्माला आली नसती.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर पितळेचा शेर किंवा लोखंडी पट्ट्यांची लाकडी अधोली अजूनही सापडेल. ती मोडीत जाण्यापूर्वी एवढे करावे: आतला व्यास आणि खोली मोजावी, घनफळ काढावे, मग पाणी किंवा तांदूळ भरून ताळा पाहावा, आणि ते आकडे घराण्याच्या कागदांत गावाच्या नावासह लिहून ठेवावेत. घरातील शाळकरी मुलांना हाताशी घेतले, तर वृत्तचितीचे सूत्र त्यांच्याही कायमचे लक्षात राहील. पुढे कोणी त्या गावच्या जुन्या वसुलीचा, दुष्काळाचा वा देण्याघेण्याचा इतिहास लिहू लागेल, तेव्हा 'मण' या एका शब्दाचा अर्थ त्याला कदाचित आपल्याच नोंदीतून कळेल.